टपाल-सर्व्हर आणि परवलीचा शब्द

पोस्टाच्या बचत बँकेत पैसे काढावयास गेलेल्या खातेदाराची सही नमुन्याच्या सहीशी जुळली नाही, तर खिडकीमागचा कारकून दोन्ही सह्या शेजारी ठेवून पाहतो आणि वेलांटी कोठे चुकली हेही सांगतो. खातेदार पुन्हा सही करतो व त्याचे काम होते. संगणकावरील टपालघराची रीत याहून फार निराळी आहे. तेथे आपले नाव व परवलीचा शब्द सादर करावा लागतो, आणि ओळख पटली नाही तर एकच ठोकळेबाज उत्तर मिळते: नाव किंवा परवलीचा शब्द बरोबर नाही. हे उत्तर वाचून बहुतेक माणसे तोच शब्द पुन्हा एकदा, कळा जरा जोराने दाबून, लिहितात.

वस्तुतः या एका वाक्यामागे अनेक निरनिराळी कारणे दडलेली असू शकतात. शब्द खरोखरच चुकला असेल. शब्द बरोबर असून तो ताडून पाहण्याची वहीच जागेवर नसेल. वही जागेवर असून तेथपर्यंत जाण्याची वाट बंद असेल. किंवा वही, वाट व शब्द ही तिन्ही ठीक असून दोन यंत्रांची घड्याळे तेवढी जुळत नसतील. खिडकीवर उभ्या असलेल्या माणसाला यांतील कोणताही फरक दिसत नाही. तो शोधून काढणे हे टपाल-सर्व्हर सांभाळणाऱ्या व्यवस्थापकाचे काम होय, आणि ते काम कसे केले जाते हे पाहण्यासारखे आहे.

विश्वासाचे दिवस

प्रथम एक प्रश्न. टपालघराला ओळख विचारण्याची गरज का पडली? रस्त्यावरील तांबड्या पेटीत कोणीही पत्र टाकतो. पेटी त्याचे नाव विचारीत नाही, आणि पाकिटावर प्रेषक म्हणून काय लिहिले आहे हे तपाशीतही नाही. संगणकीय टपालाचे मूळ नियम जॉन पोस्टेल या अमेरिकन तज्ज्ञाने १९८२ साली लिहिले, तेव्हा त्यांतही हीच मोकळीक होती. पाठविणारे यंत्र ‘पत्र अमक्याकडून आहे’ असे सांगे आणि घेणारे यंत्र त्यावर विश्वास ठेवी.

त्या काळी हा विश्वास अस्थानी नव्हता. भारतातील परिस्थिती पाहावी. १९८६ साली भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिकी विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने ‘अर्नेट’ हे शिक्षण व संशोधनाचे जाळे विणावयास घेतले. त्यात अवघ्या आठ संस्था होत्या: स्वतः तो विभाग, मुंबईचे नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी, बंगलोरची भारतीय विज्ञान संस्था, आणि मद्रास, मुंबई, दिल्ली, कानपूर व खरगपूर येथील पाच भारतीय तंत्रज्ञान संस्था. मद्रासची संस्था अड्यार नदीच्या दक्षिणेस, गिंडीच्या जंगलाला लागून आहे. तिची स्थापना १९५९ साली पश्चिम जर्मनीच्या मदतीने झाली. या संस्थांची यंत्रे दूरध्वनीच्या तारांवरून एकमेकांना पत्रांचे गठ्ठे देत-घेत. पलीकडच्या टोकाला कोण बसले आहे हे दोन्ही बाजूंना ठाऊक असे. घर मोजक्या माणसांचे, तेव्हा दाराला कडी हवी कशाला?

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास या शहरांत इंटरनेट सर्वसामान्य जनतेस खुले केले. पुढच्याच वर्षी मद्रासचे चेन्नई झाले. जगभर अशीच दारे उघडत होती, आणि त्या दारांतून जाहिरातदारही आत आले. एखाद्या परक्या संस्थेच्या सर्व्हरला गाठावे, त्याच्या गळ्यात लक्षावधी जाहिराती बांधाव्या आणि वाटण्याचा भार व दोष दोन्ही त्याच्या माथी मारावेत, असा हा व्यवहार होता. यावर उपाय म्हणून अशा मोकाट सर्व्हरांच्या काळ्या याद्या तयार झाल्या. पॉल व्हिक्सी यांनी १९९७ साली सुरू केलेली यादी त्यांत अग्रेसर होती. यादीत ज्याचे नाव गेले त्याची सगळीच पत्रे इतर सर्व्हर परत फिरवीत. मग त्यात एखाद्या विद्यार्थ्याचा शिष्यवृत्तीचा अर्ज असला तरी सुटका नसे.

याच सुमारास टपालघराला दोन स्वतंत्र दारे करण्यात आली. क्रमांक २५ चे दार इतर टपालघरांसाठी राहिले. आपल्या स्वतःच्या लोकांनी पत्रे टाकावयाची ती ५८७ क्रमांकाच्या दारातून, असा नियम १९९८ साली आला, आणि मार्च १९९९ मध्ये त्या दारावर ओळख कशी विचारावी हेही ठरले. आजचा सारा घोळ या दुसऱ्या दारावरचा आहे.

दारापासून वहीपर्यंत

ज्या यंत्रावर हे टपालघर थाटलेले असते त्याची परिचालन प्रणाली पुष्कळदा लिनक्स असते. लिनक्सचा गाभा १९९१ साली फिनलंडमधील लिनस टॉरव्हाल्ड्स या विद्यार्थ्याने रचिला. त्यावर उभारलेल्या अनेक प्रणालींपैकी ‘बॉस’ ही भारतीय प्रणाली सी-डॅक या सरकारी संस्थेच्या चेन्नई केंद्रात घडली व २००७ साली बाहेर पडली. ती ‘डेबियन’ नामक जुन्या व जगन्मान्य प्रणालीवर आधारलेली आहे. म्हणजे डेबियनचे गुणही तिच्याकडे आले आणि सवयीही. यांपैकी एका सवयीशी पुढे गाठ पडणार आहे.

लिनक्सची एक खोड अशी की, तेथे एकच प्रोग्रॅम सर्व कामे करीत नाही. पत्र स्वीकारणारा प्रोग्रॅम निराळा, पत्रपेटी उघडून दाखविणारा निराळा, ओळख पटविणारा तिसराच. नेहमीची एक मांडणी घेऊ. दारावर ‘पोस्टफिक्स’ बसलेला असतो. वीत्से व्हेनेमा यांनी लिहिलेला हा प्रोग्रॅम १९९८ पासून प्रचारात आहे. नाव व परवलीचा शब्द हाती येताच पोस्टफिक्स स्वतः निर्णय देत नाही. तो शेजारच्या ‘सॅसल-ऑथ-डी’ नावाच्या मदतनिसाला विचारतो. हा मदतनीसही स्वतः काही ठरवीत नाही. तो ‘पॅम’ या व्यवस्थेकडे जातो. पॅमची कल्पना १९९५ साली सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीतून पुढे आली. ‘ओळख कशी पटवावी’ याचे नियम प्रत्येक प्रोग्रॅमात कोरून ठेवण्याऐवजी एका जागी लिहून ठेवावे, हे तिचे सूत्र. पॅम शेवटी ती गुप्त फाइल उघडते, जीत खातेदारांची नोंद असते.

या फाइलीत परवलीचा शब्द लिहिलेला नसतो, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. तेथे असतो शब्दाचा चुरा. गहू दळून पीठ होते, पिठावरून गव्हाचा दाणा पुन्हा घडविता येत नाही; तद्वत् शब्दावर गणिती क्रिया करून मिळालेल्या चुऱ्यावरून मूळ शब्द उलट काढता येत नाही. खातेदाराने आज दिलेला शब्द त्याच जात्यात दळावयाचा व जुन्या पिठाशी ताडून पाहावयाचा, एवढेच सर्व्हर करतो. दोन माणसांचा शब्द योगायोगाने सारखा असला तरी चुरा सारखा होऊ नये म्हणून दळण्यापूर्वी त्यात प्रत्येकाची निराळी चिमूट मिसळतात. तिला मीठ असेच म्हणतात. ही युक्ती रॉबर्ट मॉरिस व केन टॉम्प्सन यांनी १९७९ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात सविस्तर सांगितली आहे. त्याच निबंधात त्यांनी लोकांनी निवडलेल्या ३,२८९ शब्दांची छाननी केली होती. त्यांतील तब्बल ८६ टक्के शब्द अतिशय आखूड, नाहीतर कोशात व नावांच्या यादीत सहज सापडणारे निघाले. माणसांच्या या सवयीत तेव्हापासून फारसा फरक पडला आहे असे म्हणवत नाही.

जाता जाता एक खुलासा. ‘माझा शब्द मी विसरलो, तो काय होता ते सांगा’ अशी विनंती व्यवस्थापकाला नेहमी केली जाते. तो सांगत नाही, याला त्याचा ताठा कारण नसतो. त्याच्यापाशीही पीठच असते. तो फक्त नवा शब्द देऊ शकतो.

सोमवार सकाळ

आता एक प्रसंग कल्पू. तो कल्पित असला तरी त्याचा प्रत्येक टप्पा व्यवहारात अनेकांनी अनुभविलेला आहे. चेन्नईतील एका महाविद्यालयात जुने यंत्र काढून शनिवारी नवे बसविले गेले. नव्या यंत्रावर डेबियन घराण्यातील प्रणाली आहे. जुन्या यंत्रावरील फाइली व्यवस्थापिकेने काळजीपूर्वक उतरून घेतल्या. सोमवारी सकाळी प्राध्यापकांना आपापली आलेली पत्रे नीट वाचता आली. पण पत्र पाठवू जाता ‘ओळख पटली नाही’ हे उत्तर येऊ लागले. सायंकाळी पाचपर्यंत विद्यार्थ्यांचे अंतर्गत गुण विद्यापीठाकडे पाठवावयाचे आहेत. दहा वाजल्यापासून दूरध्वनी खणखणू लागला आहे.

अशा वेळी एक मोह होतो. सर्व्हरच्या मांडणीत एक ओळ बदलली की ओळख विचारणेच बंद पडते. सगळी पत्रे बिनतक्रार जाऊ लागतात. ‘तेवढे पाचपर्यंत चालू द्या, मग पुन्हा बंद करू’ असे सांगणारे वरिष्ठही भेटतात. परंतु मोकाट दारे हुडकणारी यंत्रे इंटरनेटवर अहोरात्र फिरत असतात. असे दार त्यांना सापडण्यास पुष्कळदा एखादा दिवसही लागत नाही. गुण पाठविले जातील, पण नंतर महाविद्यालयाचे नाव काळ्या यादीत गेले तर पुढचे कित्येक दिवस त्याचे एकही पत्र कोणी घेणार नाही. यास्तव कुलूप काढून दोष झाकण्यापेक्षा दोष शोधणे हाच मार्ग उरतो, आणि वेळ थोडा असला म्हणजे तो क्रमाने शोधणेच लवकर संपते.

पहिला सुगावा तक्रारीतच आहे. आलेली पत्रे वाचता येतात, म्हणजे पत्रपेटी उघडणाऱ्या प्रोग्रॅमाने त्याच नावाची व त्याच शब्दाची शहानिशा करून ती मान्य केली आहे. म्हणून शब्द बरोबर आहे, आणि चुऱ्याची वहीही शाबूत आहे. साखळीचा शेवटचा दुवा पक्का निघाला. दोष मधे कोठेतरी असला पाहिजे. खिडकीवरील वाक्याने ज्या गोष्टीवर बोट ठेवले होते, नेमकी तीच गोष्ट निर्दोष ठरली!

दुसरा सुगावा उत्तराच्या आकड्यात असतो. टपाल-सर्व्हर प्रत्येक उत्तरापूर्वी तीन अंकी संख्या सांगतो. पहिला अंक ४ असेल तर अडचण तात्पुरती, ‘थोड्या वेळाने या’ असा अर्थ. ५ असेल तर नकार कायमचा. ओळखीच्या बाबतीत ४५४ ही संख्या ‘सध्या तपासता येत नाही’ असे सांगते आणि ५३५ म्हणजे ‘तपासले, पटले नाही’. येथे संख्या ५३५ आहे. मात्र या ठिकाणी अनुभवी माणूसही फसतो, कारण मदतनीस मुळीच भेटला नाही तरी वर सांगितलेल्या मांडणीत पोस्टफिक्स ५३५ हेच उत्तर देतो. दारावरचा पहारेकरी वहीपर्यंत गेलाच नाही आणि येऊन म्हणाला, ‘तुमचे नाव नाही’.

म्हणून तिसरी पायरी, आणि खरे पाहता हीच पहिली असावयास पाहिजे: सर्व्हरची नोंदवही. बाहेरच्यांशी मोजके बोलणारा सर्व्हर आपल्या खासगी नोंदवहीत मोकळेपणाने लिहितो. हा दुटप्पीपणा बुद्धिपुरस्सर केलेला आहे. ‘नाव बरोबर आहे, शब्द तेवढा चुकला’ असे खिडकीवर सांगितले तर चोराला निम्मी माहिती फुकट मिळेल. म्हणून खिडकीवर एकच वाक्य आणि सविस्तर हकीकत आत. नोंदवहीत त्या सकाळी प्रत्येक नकारापूर्वी एक ओळ आढळते: सॅसल-ऑथ-डीशी संपर्क होऊ शकला नाही, तशी फाइल अस्तित्वात नाही.

कोणती फाइल? लिनक्सवर दोन प्रोग्रॅम एकमेकांशी बोलतात ते पुष्कळदा सॉकेट नावाच्या झरोक्यातून, आणि हा झरोका एखाद्या फाइलीसारखा ठरावीक जागी दिसतो. व्यवस्थापिका त्या जागी जाऊन पाहते. झरोका तेथे आहे. मदतनीसही चालू आहे. त्याच्या चाचणीसाठी मिळणारे छोटे साधन चालवून ती एक नाव व शब्द देते. ‘मान्य’ असे उत्तर येते. मदतनीस ठीक, झरोका ठीक, शब्द ठीक. आणि पोस्टफिक्स म्हणतो की झरोकाच नाही.

येथे डेबियनची ती सवय आड येते. पोस्टफिक्स हा साऱ्या जगाला तोंड देणारा प्रोग्रॅम आहे. उद्या कोणी त्याला फितविले तर त्याच्या हाती सगळे यंत्र लागू नये म्हणून डेबियनच्या परंपरेत तो दीर्घकाळ एका बंदिस्त खोलीत कोंडून चालविला जात असे. त्या खोलीची भिंत हेच त्याला जगाचे टोक वाटते. बाहेरच्या मार्गाचे नाव त्याला सांगितले तर तो ते नाव खोलीच्या आतच शोधतो. व्यवस्थापिकेला जो झरोका दिसला तो खोलीबाहेरच्या भिंतीला होता. पोस्टफिक्सने आतल्या भिंतीवर त्याच जागी पाहिले. तेथे काहीच नव्हते. दोघेही खरे बोलत होते. जुन्या यंत्रावर फार पूर्वी कोणीतरी मदतनिसाला झरोका आतल्या भिंतीत पाडावयास सांगितले होते. ती सूचना एका निराळ्या फाइलीत होती आणि शनिवारी नेमकी तीच उतरावयाची राहिली.

सूचना पुन्हा लिहिली गेली, मदतनीस बंद करून चालू केला, आणि उत्तर आले: ओळख पटली नाही.

नवशिक्याचा धीर येथे खचतो. आपला तर्कच चुकला असे त्याला वाटते. नोंदवही पुन्हा पाहिली तर ओळ बदललेली दिसते. आता ती ‘फाइल नाही’ असे म्हणत नाही. ‘परवानगी नाही’ असे म्हणते. एक दोष दूर झाला व त्याच्यामागे दडलेला दुसरा उघडा पडला. मदतनिसाचा झरोका वाटेल त्याला वापरता येत नाही. ‘सॅसल’ नावाच्या गटातील सभासदांनाच ती मुभा असते. नव्या यंत्रावर पोस्टफिक्सचे नाव त्या गटात घातलेले नव्हते. ते घालून पोस्टफिक्स पुन्हा चालू करताच पत्रे निघाली.

मग मघाच्या चाचणीत ‘मान्य’ हे उत्तर कसे आले? व्यवस्थापिकेने चाचणी केली ती सर्वाधिकारी म्हणून आणि खोलीबाहेर उभी राहून. सर्वाधिकाऱ्याला कोणताच झरोका बंद नसतो. पोस्टफिक्सच्या अधिकाराने व त्याच्या जागेवरून तीच चाचणी केली असती तर दोन्ही दोष पहिल्या पाच मिनिटांत हाती आले असते.

घड्याळाचा दोष

काही दोष साखळीच्या कोणत्याही दुव्यात नसतात. ते काळात असतात. मोठ्या संस्थांत ओळखीचे काम पुष्कळदा ‘कर्बरॉस’ या पद्धतीने चालते. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्या संस्थेत ती निघाली. तिच्यात एक यंत्र दुसऱ्याला वेळेचा शिक्का मारलेले ओळखपत्र देते. चोरलेले जुने ओळखपत्र पुन्हा वापरता येऊ नये, म्हणून दोन घड्याळांत पाच मिनिटांहून अधिक अंतर पडले की ते अमान्य करावे, असा सर्वसाधारण दंडक आहे. दूरध्वनीवर दर तीस सेकंदांनी बदलणारे सहा आकडी संकेत तर याहून काटेकोर असतात. शब्द बरोबर, ओळखपत्र खरे, आणि घड्याळ सात मिनिटे मागे: उत्तर पुन्हा तेच.

घड्याळे जुळविण्याचा हा प्रश्न चेन्नईला नवा नाही. तेथील नुंगमबाक्कम भागात १७९२ साली वेधशाळा उभी राहिली आणि तिच्या रेखांशावरून काढलेली मद्रासची वेळ एकोणिसाव्या शतकात भारतीय रेल्वेगाड्या पाळीत असत, कारण गावागणिक निराळ्या वेळेवर आगगाडी चालविणे अशक्य होते. १९०६ साली भारतीय प्रमाणवेळ आली. तरीही मुंबईने आपली जुनी वेळ १९५५ च्या सुमारापर्यंत सोडली नाही, आणि दोन्हींत एकोणचाळीस मिनिटांचे अंतर होते. माणसे तेवढे अंतर मनात धरून गाडी पकडू शकत. यंत्राला अशी सवलत देता येत नाही.

यंत्रातील घड्याळ वीज बंद असताना एका लहानशा बॅटरीवर चालते. ती संपलेली असेल तर दीर्घ वीजबंदीनंतर यंत्र भलत्याच तारखेत जागे होते. डिसेंबर २०१५ च्या महापुरात व १२ डिसेंबर २०१६ च्या ‘वरदा’ चक्रीवादळात चेन्नईतील वीज मोठ्या भागात दीर्घकाळ गेली होती. अशा आपत्तीनंतर सर्व्हर चालू करताना परवलीच्या शब्दांच्या आधी तारीख पाहावी, हे जुने व्यवस्थापक जाणतात. नेहमीच्या दिवसांत हे काम यंत्र जाळ्यावरील वेळ-सर्व्हरकडून आपोआप करून घेते. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या संस्थेने एप्रिल २०२२ मध्ये काढलेल्या आदेशान्वये राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा यांच्या वेळेशी घड्याळे जुळविण्यास सांगण्यात आले आहे.

दिसते एक, लिहिलेले दुसरे

आणखी एक दोष भारतीय भाषा वापरणाऱ्यांच्या वाट्यास विशेष येतो. परवलीचा शब्द रोमन अक्षरांतच असला पाहिजे असा आता आग्रह नाही. मराठीत ‘दुसऱ्या’ असा शब्द कोणी निवडला असे समजू. त्यातील ‘ऱ’ संगणकाच्या वर्णसंचात एकच अक्षर म्हणून आहे. तोच ‘र’ व नुक्ता अशी दोन चिन्हे जोडूनही लिहिता येतो. तमिळमध्ये ‘ओ’ची मात्राही अशीच दोन प्रकारे साठविली जाते. डोळ्यांना दोन्हींत तिळमात्र फरक दिसत नाही, परंतु जात्यात पडणारे धान्य निराळे, म्हणून पीठही निराळे. कार्यालयातील यंत्रावर ठरविलेला शब्द मग घरच्या दूरध्वनीवर चालत नाही आणि मालक आपल्या स्मरणशक्तीला दोष देत बसतो. दळण्यापूर्वी सर्व अक्षरे एका प्रमाण रूपात आणावी असा नियम २०१७ साली नव्याने लिहिला गेला आहे. तो पाळणारे प्रोग्रॅम आहेत, न पाळणारेही आहेत.

याउलट काही वेळा दोष सर्व्हरात नसून त्याच्या दक्षतेत असतो. चुकीचे प्रयत्न वारंवार झाले की ज्या पत्त्यावरून ते आले तो पत्ता काही काळ बंद ठेवणारे पहारेकरी प्रोग्रॅम बहुतेक सर्व्हरांवर असतात. महाविद्यालयातील एका इमारतीची सर्व यंत्रे बाहेरच्या जगाला पुष्कळदा एकाच पत्त्याने दिसतात. एका प्राध्यापकाने शब्द बदलला, पण खिशातील जुन्या दूरध्वनीला तो सांगावयाचे विसरले. तो दूरध्वनी दर काही मिनिटांनी जुना शब्द इमानाने सादर करीत राहतो, आणि थोड्याच वेळात सगळी इमारत दाराबाहेर उभी राहते. घरून मात्र सर्वांचे टपाल सुरळीत चालते. ‘कोठून चालते आणि कोठून नाही’ हा प्रश्न विचारला की हा दोष लगेच सापडतो. न विचारल्यास दिवस जातो.

शोध संपल्यावर एक काम शिल्लक उरते. दोष शोधताना नोंदवही अधिक बोलकी करता येते. काही प्रोग्रॅमांना तर आलेला परवलीचा शब्द जसाच्या तसा लिहून ठेवावयास सांगता येते, आणि घाईच्या वेळी तसे सांगितलेही जाते. असे केले असेल तर पत्रे वाहू लागताच ती सूचना काढून टाकून नोंदवहीची ती पाने नष्ट करावी लागतात आणि ज्यांचे शब्द त्यात उतरले त्यांना ते बदलावयास लावावे लागते. १९६० नंतरच्या दशकात मॅसॅच्युसेट्समधील त्याच संस्थेच्या एका संगणकावर दोन फाइलींची अदलाबदल झाली. दिवसाची सूचना म्हणून जी फाइल प्रत्येकापुढे यावयाची तिच्या जागी परवलीच्या शब्दांची फाइल आली, आणि त्या दिवशी जो जो यंत्रापाशी बसला त्याच्यापुढे सर्वांचे शब्द एकापाठोपाठ एक छापून निघाले.